जॉर्डन तळ्यातली वलगण

बाबांना पहिल्यांदा जॉर्डन लेकवर नेलं तो मार्चचा दुसरा शनिवार होता. पाच तासांत दोन मासे लागले आणि दोन्ही सोडून द्यावे लागले. परतताना बाबा गाडीत गप्प होते. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "मासा अजून चढलेला नाही."

शेजारच्या आजोबांनी तीन वर्षं खपून मला जे शिकवलं, ते सगळं या चार शब्दांत होतं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. जॉर्डन लेक घरापासून २५ मिनिटांवर. आमच्या नळाला येतं ते पाणीही तिथलंच. तळं म्हणतात, पण आहे धरणाचा जलाशय. १९४५च्या सप्टेंबरात केप फिअर नदीला मोठा पूर आला, त्यानंतर धरणाचा विचार सुरू झाला. मंजुरी मिळाली १९६३मध्ये, काम सुरू झालं १९६७मध्ये आणि पाणी पुरतं भरेपर्यंत १९८२ उजाडलं. जवळजवळ १४ हजार एकर पाणी. शेजारच्या आजोबांनी त्या पाण्याखालची शेतं आणि रस्ते डोळ्यांनी पाहिलेले आहेत. बोट चालवताना ते मध्येच सांगतात, "आता आपण जुन्या रस्त्यावर आहोत." पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर तेव्हा खरोखरच तळाची एक सपाट, कडक पट्टी दिसते आणि तिच्या कडेला मासे.

आम्ही ज्यासाठी जातो तो मासा क्रॉपी. स्पेलिंग पाहून आपण क्रॅपी वाचतो, पण आमच्याकडचे बहुतेक मासेमार क्रॉपीच म्हणतात. ताटलीएवढा, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके. काळा आणि पांढरा अशा याच्या दोन जाती, आणि रंगावरून ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. पाठीच्या पराचे काटे मोजायचे: सात-आठ असले तर काळा, पाच-सहा असले तर पांढरा. काटे मोजायचं काम माझ्या दहा वर्षांच्या लेकीचं. ती प्रत्येक मासा हातात घेऊन मराठीत मोजते, कारण तिला हे मोजणं माझ्या बाबांनी शिकवलं.

बाबा फेब्रुवारीच्या शेवटी आले ते मेपर्यंत राहिले. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच खेप. आमचं गाव रायगडात, कुंडलिकेच्या खाडीपासून जवळ. बाबा शाळेत शिक्षक होते, पण सुट्टीच्या दिवशी भरती-ओहोटी पाहून गरवायला जायचे. हातात बांबूची काठी किंवा नुसता तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा तुकडा, गरी म्हणजे गळ आणि आमिषाला कोळंबी. लहानपणी मी त्यांच्या मागे चिखलात बसायचो. इथे आल्यावर आठवडाभर ते घरात नुसते खिडकीबाहेर बघत बसले. म्हणून म्हटलं, चला तळ्यावर.

आधी परवाना काढला. इथे १६ आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. राज्याबाहेरच्या पाहुण्यांसाठी दहा दिवसांचा मिळतो. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पाकिटात ठेवला. "गरवायला कागद लागतो म्हणजे कुणीतरी माशांचा हिशेब ठेवत असणार," म्हणाले. त्यांना ते आवडलं होतं.

त्या पहिल्या दिवशी पाण्याचं तापमान ५२ अंश फॅरेनहाइट होतं, म्हणजे ११ सेल्सिअसच्या आसपास. थंडीतून बाहेर पडलेला क्रॉपी तेव्हा एका ओढ्याच्या तोंडाशी, पंधरा-अठरा फूट खोल, बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत दाटीने थांबलेला असतो. आजोबांच्या सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत आम्ही चौघं: ते, बाबा, मी आणि लेक. सोनारवर मासे दिसत होते, तांदूळ सांडल्यासारखे. पण थंड पाण्यात मासा तोंडासमोर आलेलंही घेईल तर घेईल. जे दोन लागले ते साडेआठ आणि नऊ इंचांचे. जॉर्डन लेकमध्ये क्रॉपी किमान दहा इंच हवा आणि माणशी दिवसाला जास्तीत जास्त वीस. तोंड मिटून, शेपटी चिमटीत धरून पट्टीवर मोजायचा. नऊ इंचांचा मासा पाण्यात परत जाताना बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या गावी एवढा मासा सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही.

वारा बोचरा होता. लेकीची बोटं गारठली. तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, पण त्या दिवशी ते जॅकेट तिला उबेसाठीच जास्त उपयोगी पडलं. एवढं असूनही बाबांनी निघताना आजोबांना माझ्यामार्फत विचारलं, "पुन्हा कधी?"

आजोबांनी काठावरच्या झाडांकडे बोट दाखवलं. "डॉगवूड फुलला की."

डॉगवूड हे या राज्याचं राज्यफूल. पानं फुटायच्या सुमारास अख्खं झाड पांढरं होतं. आधी रेडबडच्या काळ्या काटक्यांवर जांभळट-गुलाबी फुलं येतात, मग डॉगवूड, आणि त्याच सुमाराला पाईनचे पिवळे परागकण गाड्यांवर, पायऱ्यांवर, तळ्यावर साय धरल्यासारखे पसरतात. कॅलेंडरला यातलं काही ठाऊक नसतं. एखादं वर्ष दोन आठवडे लवकर येतं, एखादं उशिरा. फुलांना जी ऊब कळते तीच पाण्याला. बाबा म्हणाले, आपल्याकडे काजवे दिसायला लागले की जाळी दुरुस्त करायला काढतात, तसंच हे.

आणि मग त्यांनी लेकीला वलगण सांगितली. जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला, ओहोळ नदीला आणि शेतं ओहोळाला मिळाली, की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढतात. मळे, शिवडे, शिंगट्या, जे असतील ते. भाताच्या खाचरांत घोटाभर पाण्यात मासा वळवळताना दिसतो. रात्री गॅसबत्ती घेऊन अख्खं गाव बांधावर उतरतं. दक्षिण कोकणात यालाच चढणीचे मासे म्हणतात. लेक ऐकून म्हणाली, "म्हणजे ते बाळांसाठी उथळ पाण्यात येतात? क्रॉपीपण तेच करतो." तिने शेजारच्या आजोबांकडून ऐकलं होतं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की नर आधी काठाकडे येतात, तळाशी शेपटीने खळगा करतात. ६५च्या आसपास माद्या येतात, अंडी घालतात आणि परत खोल पाण्यात जातात. नर मात्र तिथेच थांबून अंडी फुटेपर्यंत राखण करतो. त्या दिवसांत तो इतका काळवंडतो की ओळखू येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला. तळ्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट. पावसानंतर ती वर चढली आणि काठावरची झुडपं पाण्यात उभी राहिली. हॉ नदीच्या अंगाचं पाणी चहासारखं गढूळ झालं. पण न्यू होप ओढ्याच्या अंगाच्या खाड्या तितक्या गढूळल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी सहाला आम्ही बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर होतो. या वेळी बोटी दोन: आजोबांची आणि नागपूरच्या माझ्या मित्राची. एकीत आजोबा, बाबा, मी, लेक. दुसरीत मित्र, त्याची बायको, त्यांचा मुलगा आणि माझी बायको. पाण्याचं तापमान ६४. डॉगवूड पांढरेशुभ्र.

आजोबांनी नेहमीच्या सवयीने बोट एका ओढ्याच्या तोंडाशी उभी केली. पुढच्या टोकाला आठ काठ्या पंख्यासारख्या लावल्या. या पद्धतीला इथे स्पायडर रिगिंग म्हणतात, बोट कोळ्यासारखी दिसते म्हणून. प्रत्येक गरी वेगळ्या खोलीवर, आणि बोट अगदी हळू पुढे सरकवायची. ज्या खोलीवर मासे लागतील तिथे बाकीच्या गऱ्या आणायच्या. अर्ध्या तासात एक लागला, बारा फुटांवर. सात काठ्या गप्प.

बाबा आतल्या झुडपांकडे बघत होते. मला म्हणाले, "यांना विचार, तिथे पाणी किती?"

मी विचारलं. "चार-पाच फूट," आजोबा म्हणाले.

"म्हणजे एक वावसुद्धा नाही. मासा तिथे असेल. इथे जो लागला तो मागे राहिलेला."

मी भाषांतर केलं. 'वाव' कसा सांगायचा म्हणून बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवले, एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत. आजोबा लगेच म्हणाले, "फॅदम!" ते मापही मुळात पसरलेल्या हातांचंच आहे. दोघं समोरासमोर हात पसरून उभे राहिले तेव्हा बोट डोलली आणि लेक ओरडली, बसा म्हणून. आजोबांनी काठ्या गुंडाळल्या आणि मोटार बंद करून वल्ह्याने बोट आत घेतली. त्यांच्या बोटीत, त्यांच्या तळ्यावर त्यांनी पाहुण्याचं ऐकलं, हे मी विसरणार नाही.

आत गेल्यावर साधी तयारी. सहा फुटी हलकी काठी, चार पौंड ताण सोसणारा तंगूस, वर तरंगणारं बूच, खाली छोटं शिसं आणि बारीक तारेची गरी. आमिषाला दुकानातून आणलेली बोटाच्या पेराएवढी जिवंत मासळी. ती ओठातून टोचायची म्हणजे पोहत राहते. गरीची तार मुद्दाम नरम असते. झुडपात अडकली की झटका द्यायचा नाही, हळू आणि सलग ओढायचं. तार सरळ होते आणि गरी मोकळी होऊन येते. मग चिमट्याने पुन्हा वाकवायची. बाबांना ही युक्ती फार पटली. खाडीत खडकाला अडकून त्यांच्या कितीतरी गऱ्या गेल्या होत्या.

बूच तंगुसावर मोकळं सरकतं. ते हव्या त्या खोलीला थांबावं म्हणून तंगुसावर दोऱ्याची गाठ मारतात. बाजारात त्या तयार मिळतात. बाबांनी मात्र माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा खिशातून आणला होता. त्यांनी लेकीला हात पसरायला सांगितले, गरीपासून तिच्या हातांवर तंगूस मोजला आणि बरोब्बर तिच्या एका वावावर लाल गाठ मारली. "ही तुझी वाव. पाणी जास्त असेल तर दीड घे, कमी असेल तर अर्धी." तिची वाव साडेचार फुटांच्या जरा आत भरली. त्या झुडपांत पाणी साधारण पाच फूट होतं.

खोलीचा एवढा काटेकोर हिशेब का, ते क्रॉपीचे डोळे पाहिले की कळतं. डोळे वरच्या अंगाला, तोंडही वर उघडणारं. हा मासा वर बघून खातो. आमिष त्याच्या डोक्याच्या जरा वर असलं तर उठून घेतो, खाली गेलं तर ढुंकून पाहत नाही. लेकीचं आमिष तळापासून वीतभर वर होतं.

बूच बुडालं नाही. ते आडवं झालं. क्रॉपी आमिष घेऊन वर आला की शिशाचा ताण जातो आणि बूच पाण्यावर लोळतं. नवख्याला वाटतं काही नाही. बाबांनी लगेच लेकीच्या मनगटावर हात ठेवला. "झटका नको. उचल नुसती." या माशाच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून याला पेपरमाउथ असंही नाव आहे. जोरात ओढलं की ओठ फाटतो. तिने काठी उचलली, ती अर्धगोल वाकली, आणि आजोबांनी दांड्याचं जाळं खाली घातलं. साडेअकरा इंच. पाठीचे काटे सात. तिने दोनदा मोजले.

त्यानंतरचे दीड-दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर तास होते. मित्राला हाक मारून बोट शेजारी बोलावली. एका झुडपातून पाच, दुसऱ्यातून काहीच नाही, तिसऱ्यातून सात. कुठलं झुडूप रिकामं आणि कुठलं भरलेलं याचं कारण वरून दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, तळाला वाळू-खडी असेल तिथे असतील, नुसत्या गाळात अंडी कशी ठेवणार? नंतर बघितलं तर जिथे लागत होते तिथे वल्हं तळाला कडक लागत होतं. डोक्यावरून एक टकला गरुड गेला. हे तळं या गरुडांसाठी ओळखलं जातं, पण बाबांनी वर मान केली नाही. ते बुचाकडे बघत होते.

मग एक मादी आली, तेरा इंचांची, पोट टम्म फुगलेलं. बाबांनी ती हातात घेतली, अंगठ्याने पोट चाचपलं. "गाभोळी आहे."

आमच्या घरात गाभोळी म्हणजे सण. तव्यावर हळद, तिखट, मीठ, चार थेंब कोकमाचं आगळ. आई ती आधी बाबांच्या पानात वाढायची. बाबांनी मासा तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "ही पण चालते? नियमात?"

चालते. इथे क्रॉपीला बंद हंगाम नाही. दहा इंचांचा होईपर्यंत माशाने एकदा तरी अंडी घातलेली असावीत, एवढी काळजी तो मापाचा नियम घेतो. आणि एक मादी अंडी घालते ती हजारोंनी. आजोबांनी हे शांतपणे समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याकडे समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. यांत्रिक होड्या शाकारतात. पण वलगणीला शेतात कोण विचारतंय? चढणारा प्रत्येक मासा गाभोळीचा आणि आम्ही काठीने मारायचो. मीपण मारले. पोरगा होतो तेव्हा टोपलीने मिळायचे. आता रात्रभर बांधावर उभं राहिलं तर कालवणापुरते मिळतात." त्यांनी मासा पाण्यात धरला. तो कल्ले हलवत क्षणभर थांबला आणि गेला.

मित्राचा मुलगा म्हणाला, मग नर ठेवू आणि माद्या सोडू. बाबांनी मान हलवली. "राखण करणारा बाप उचलला तर अंडी खायला बाकीचे टपलेलेच असतात." मग काय करायचं यावर दोन्ही बोटींत बरीच चर्चा झाली. काळेकुट्ट झालेले नर आणि भरलेल्या माद्या, दोन्ही सोडायचं ठरलं. राहिले ते मधले, रुपेरी, दहा-अकरा इंचांचे. आठ जणांना नियमाने कितीतरी जास्त ठेवता आले असते. आम्ही २२ ठेवले आणि साडेदहाला गऱ्या वर घेतल्या. मला तो निर्णय तेव्हा योग्य वाटला आणि आजही वाटतो. बायकोचं मत थोडं वेगळं होतं. तिच्या मते माद्या सोडल्या तेवढं पुरे होतं.

घरी मागच्या अंगणात साफसफाई. आजोबांनी विजेच्या सुरीने कडेची मांसल तुकडी काढून दाखवली, एका माशाला मिनिटही लागलं नाही. बाबा बघत होते आणि त्यांना ते बघवत नव्हतं. "डोकं, काटा, सगळं टाकणार?" त्यांनी डोकी आणि मधले काटे मागून घेतले, धुतले, आणि आलं, लसूण, ओलं खोबरं, कोकम घालून पातळ कालवण केलं. तुकड्यांना हळद-मीठ-लसूण लावून निम्म्या तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवल्या, निम्म्या आजोबांच्या पद्धतीने मक्याच्या पिठात. क्रॉपीचं मांस पांढरं, मऊ, चवीला हलकं. आपल्या पापलेटाइतका त्याला स्वतःचा स्वाद नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तांदळाच्या पिठात तो जितका कुरकुरीत होतो तितका मक्याच्या पिठात होत नाही. आजोबांनी दोन्ही खाल्ले आणि तिसऱ्यांदा तांदळाच्या पिठातले घेतले. कालवण त्यांनी वाटीने प्यायलं. मित्राच्या बायकोने सोलकढी आणली होती. बाबांनी गाभोळीचा विषय काढला नाही. जेवण झाल्यावर मात्र म्हणाले, "तुझ्या आईला हा मासा आवडला असता. काटे मोठे आहेत."

त्यानंतर बाबा जाईपर्यंत आम्ही आणखी दोनदा गेलो. पाणी ७०च्या वर गेल्यावर झुडपं रिकामी झाली आणि मासा पुन्हा खोल गेला. मग पुलाच्या खांबांशी, दोन-अडीच वाव खोल, थोडे थोडे मिळाले. झुडपांतल्या त्या दिवसासारखं पुन्हा झालं नाही. मेमध्ये बाबा परत गेले. जूनमध्ये फोनवर म्हणाले की वलगण आली होती, बांधावर जाऊन नुसती पाहून आलो.

यंदा रेडबड लवकर फुलला. परवा लेकीने गॅरेजमधून तिची काठी काढली, बुचावरची धूळ पुसली आणि हात पसरून तंगूस मोजला. बाबांनी मारलेली लाल गाठ तिच्या बोटांच्या टोकापर्यंत आली नाही, तीन बोटं अलीकडेच राहिली. तिने गाठ सोडवली नाही. शिवणाचा डबा मागून घेतला आणि तीन बोटं पुढे दुसरी मारली.